मोटारघरांतील बंबाची गळती



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस किंचित् नवल वाटेल. बंब हा आपल्या न्हाणीघरांतला. तो मोटारींत कोठून आला, असा प्रश्न कोणीही करील. परंतु ज्या कुटुंबांतील मुलेंमुली शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंड, जर्मनी वगैरे देशांत जाऊन राहिलीं आहेत, त्यांस ‘मोटारघर’ ही वस्तु आतां अपरिचित नाहीं. निजण्याची, रांधण्याची व स्नानाची सोय असलेली ही मोठी मोटार भाड्यानें किंवा विकत घेऊन चार-आठ दिवस डोंगरांत अथवा समुद्रकांठीं राहण्याचा प्रघात तिकडे पुष्कळ आहे. त्या मोटारींत ऊन पाणी देणारा एक लहानसा बंब असतो. हा बंब गळूं लागला म्हणजे काय होतें, कां होतें, आणि त्यावर कोणता इलाज आपल्या हातानें करतां येतो, तें आज पाहावयाचें आहे. ज्यांचा मोटारघराशीं कधींच संबंध येणार नाहीं, त्यांनाही हें विवेचन अगदींच निरुपयोगी वाटूं नये. कारण आपल्या घरांतील विजेचा बंब किंवा पाणी शुद्ध करण्याचें यंत्र यांचे सांधेही पुष्कळ अंशीं ह्याच नियमांनीं धरतात आणि ह्याच कारणांनीं सुटतात.

प्रथम ह्या बंबाची रचना ध्यानांत घेऊं. आपला जुना तांब्याचा बंब आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. मध्यें विस्तवाची नळी, तिच्याभोंवतीं पाणी, वर पाणी ओतण्याचें तोंड आणि खालीं तोटी. त्याचें तोंड मोकळें असल्यामुळें आंतील पाणी तापून फुगलें तरी त्यास वर चढण्यास वाव असे. मोटारघरांतील बंबास असें मोकळें तोंड ठेवून चालत नाहीं. गाडी चालूं लागतांच पाणी हिंदकळून बाहेर येईल. म्हणून तो चोहोंकडून बंद असतो. म्यूनिच येथें १९४९ सालीं गॅसच्या दिव्यांपासून ज्या ट्रूमा कंपनीनें आपल्या धंद्यास आरंभ केला, तिचे ‘कॉम्बी’ जातीचे बंब युरोपांतील मोटारघरांत फार आढळतात. त्यांत १० लिटर पाणी मावतें, आणि एकाच यंत्रानें पाणीही तापतें व गाडींतील हवाही तापते. गॅस, डिझेल अथवा वीज, ज्या त्या बनावटीप्रमाणें इंधन वेगळें; परंतु पाण्याची वाट मात्र बहुतेक सारखीच.

ती वाट अशी. गाडींत बांकाखालीं किंवा तळाशीं थंड पाण्याची टांकी असते. तींतून १२ व्होल्ट विजेवर चालणारा लहान पंप पाणी ओढतो. पंपापासून निघालेली नळी दुभंगते. एक फांटा सरळ थंड पाण्याच्या तोट्यांकडे जातो आणि दुसरा बंबांत शिरतो. बंबांत तापलेलें पाणी दुसऱ्या तोंडानें बाहेर पडून मोरीकडे व स्नानगृहाकडे जातें. थंड पाणी आंत येण्याच्या वाटेवर पाणी सोडून देण्याची एक झडप बसविलेली असते. म्हणजे टांकीपासून तोटीपर्यंत पाण्याच्या वाटेवर अनेक सांधे येतात, आणि बंबाच्या अंगालगत निदान दोन तरी येतातच. गळती लागते ती बहुधा ह्या सांध्यांना. बंबाचें भांडें स्वतः फुटण्याचा प्रसंग त्या मानानें विरळा.

आतां ह्या सांध्यांवर भार कोणता पडतो तें पाहूं. फ्रान्समधील तत्त्ववेत्ता ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांत जो नियम सांगितला, तो आपण शाळेंत शिकलेलों आहों : कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो. पंपानें दिलेला दाब म्हणूनच प्रत्येक सांध्यावर येतो. मग तो सांधा पंपाजवळ असो कीं गाडीच्या दुसऱ्या टोंकास असो. ह्यांत तापण्याची भर पडते. १० लिटर पाणी १५ अंश सेंटिग्रेडपासून ६० अंशांपर्यंत तापविलें, तर त्याचें आकारमान सुमारें १६० मिलिलिटरांनीं वाढतें, म्हणजे साधारण एक मोठा पेला भरेल इतकें. तोट्या बंद असून पंपाजवळील एकदिशी झडप पाण्यास मागें जाऊं देत नसेल, तर ह्या पेलाभर पाण्यानें जावें कोठें? तें नळ्या ताणतें, दाब वाढवितें, आणि दुर्बळ सांधा सांपडल्यास तेथून वाट काढतें. थंड असतां कोरडा राहणारा सांधा बंब पेटविल्यावरच कां पाझरतो, ह्याचें एक मुख्य कारण हें आहे.

तिसरा शत्रु थंडी. पाणी गोठून बर्फ झालें कीं त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. नळींत कोंडलेल्या पाण्याचा बर्फ झाला म्हणजे तो सांध्याचें अंग चिरतो अथवा नळीस सांध्यांतून बाहेर ढकलतो. गंमत अशी कीं, बर्फ असेपर्यंत कांहींच दिसत नाहीं. तो वितळला म्हणजे पाणी वाहूं लागतें. म्हणून तिकडील लोकांस हिवाळ्यांतील ही दुखापत वसंत ऋतूंतील पहिल्या प्रवासांत कळून येते.

ह्या थंडीपासून संरक्षण म्हणूनच मघां सांगितलेली झडप असते. उपरोक्त जातीच्या बंबांत ती भोंवतालची उष्णता सुमारें ३ अंशांवर आली कीं आपोआप उघडते आणि बंबांतील सर्व पाणी गाडीखालीं सोडून देते; पुन्हां ती बंद करावयाची तर तिच्याजवळची उष्णता सुमारें ७ अंशांच्या वर जावी लागते. शिवाय पाणी तापतांना दाब फार वाढल्यास ती थोडें पाणी टाकून देते. तेव्हां गाडीखालीं पाणी दिसलें कीं तें गळतीचेंच, असें समजूं नये. ती झडप आपलें काम करीत असेल. गळतीची चिकित्सा करूं पाहणाऱ्यानें खरी गळती आणि ही हेतुपूर्वक ठेविलेली वाट ह्यांतील भेद आधीं ओळखला पाहिजे.

इ. स. २०२३ च्या मार्च महिन्यांत माझ्या मुलाच्या कुटुंबासमवेत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत अशा गाडींतून फिरण्याचा योग मला आला. एका पहाटे गाडीखालीं पाण्याचें थारोळें दिसलें आणि आंत नातवाच्या बिछान्याखालची फळीही ओली लागली. वाटेंतील एका दुरुस्तीच्या कारखान्यांत दाखवितां, सबंध बंबच बदलावा लागेल असें सांगण्यांत आलें. त्याची किंमत ऐकून आमच्या सूनबाईंनीं प्रवास तेथेंच संपवून परत फिरण्याची तयारी केली. परंतु मुलानें आधीं नीट शोध घेण्याचें ठरविलें. त्यांत असें आढळलें कीं, गाडीखालचें पाणी रात्रींच्या थंडीनें उघडलेल्या झडपेंतलें होतें. आणि फळी ओली होण्याचें कारण अगदीं निराळें, म्हणजे ऊन पाण्याच्या बाजूचा एक कोपराकृति सांधा. शेजारीं कोंबलेली सामानाची पेटी नळीवर रेटली गेली होती व त्यामुळें नळी सांध्यांत तिरपी झाली होती. दोन कारणें एकाच दिवशीं दिसल्यामुळें सर्व दोष बंबाच्या माथीं आला. नळीचें टोंक कापून आणि सांधा नवा घालून काम भागलें, तेंही एका दुपारांत. ह्यावरून शोध आधीं व दुरुस्ती मागाहून, हा क्रम किती महत्त्वाचा आहे हें ध्यानांत येईल.

आतां शोध कसा घ्यावा तें सांगतों. सर्वांत मोठा भ्रम असा कीं, जेथें ओल तेथेंच गळती. पाणी नळीच्या खालच्या अंगानें हात-दोन हात सरकत जातें आणि जेथें नळी वांकते किंवा गाडीच्या उतारामुळें जो भाग सखल होतो, तेथें ठिबकतें. म्हणून पहिली खूण पंपाची घ्यावी. दाबावर चालणारा पंप असेल, तर सर्व तोट्या बंद असतां तो मध्येंच क्षणभर घुरघुरून थांबतो कीं काय, तें ऐकावें. तसें होत असेल तर पाणी कोठें तरी बाहेर जात आहे, किंवा पंपाची एकदिशी झडप नीट मिटत नाहीं. नंतर बंबाभोंवतालच्या फळ्या काढून विजेरीच्या उजेडांत प्रत्येक नळी व सांधा कोरड्या फडक्यानें पूर्ण पुसून घ्यावा आणि प्रत्येक सांध्याभोंवतीं पातळ टिपकागदाची एकेक पट्टी गुंडाळावी. मग बंब थंडच ठेवून पंप चालूं करावा आणि अर्धा तास वाट पाहावी. ज्या सांध्याचा कागद प्रथम भिजेल तो अपराधी. त्याच्या खालचे कागद नंतर भिजतील, ते निरपराध होत. थंडपणीं कांहींच न भिजलें तर बंब तापवून हाच प्रयोग पुन्हां करावा, मात्र तेव्हां ऊन नळ्यांना हात लावूं नये.

सांधा सांपडला म्हणजे तो कोणत्या जातीचा आहे तें पाहावें. कारण औषध रोगाप्रमाणें असतें. मोटारघरांत तीन जाती मुख्यतः आढळतात. पहिली, दाबून बसविण्याच्या सांध्यांची. इंग्लंडांत १९६१ सालीं निघालेल्या जॉन गेस्ट कंपनीच्या नांवानें हे सांधे फार प्रसिद्ध आहेत. ह्यांत तीन अवयव असतात : बाहेरचें अंग, आंत रबराचें एक गोल कडें, आणि पोलादी दांत असलेली एक पकड. नळी आंत ढकलली कीं ती दांतांतून पुढें सरकून रबराच्या कड्यांतून जाते व तळास टेंकते. दांत नळीस मागें येऊं देत नाहींत आणि कडें पाण्यास बाहेर येऊं देत नाहीं. धरण्याचें काम एकाचें, अडविण्याचें काम दुसऱ्याचें, ही ह्या रचनेची खुबी. दुसरी जात आट्यांची, म्हणजे चाकी पान्यानें आंवळण्याच्या सांध्यांची. तिसरी, खांचेदार टोंकावर रबरी नळी चढवून धातूच्या पट्टीनें आंवळण्याची.

दाबून बसविण्याचा सांधा गळण्याचीं कारणें बहुधा पांच : नळी तळापर्यंत गेलेली नसणें, तिचें टोंक तिरपें कापलेलें असणें, रबराचें कडें जेथें टेंकतें त्या भागावर ओरखडे असणें, नळी सांध्यातून बाहेर पडतांच एकदम वांकविलेली असल्यामुळें कड्यावर एकाच बाजूनें भार येणें, आणि कडें जुनें होऊन कठीण पडणें अथवा चिरणें. ह्यांपैकीं एकही कारण बाहेरून कांहीं फांसून किंवा गुंडाळून जात नाहीं. पांढरी टेफ्लॉनची पट्टी ही आट्यांकरितां आहे. दाबून बसविण्याच्या सांध्यास तिचा कांहींएक उपयोग नाहीं. ओल्या सांध्यावर थापलेला लांबीचा अगर सरसाचा लेपही दाबाखालीं टिकत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे नळाच्या आट्यांवर सुतळी व सफेता लावीत असत. तो सफेता शिशाचा असल्यामुळें पिण्याच्या पाण्यास विषारी. त्याचें अनुकरण आतां कोठेंही करूं नये.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा क्रम असा. प्रथम बंब बंद करावा, बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची वीज तोडावी, पंपाचें बटण बंद करावें आणि गॅसच्या नळकांड्याची तोटी मिटावी. बंब तापलेला असेल तर तो कांहीं तास निवूं द्यावा. ६० अंशांचें पाणी प्रौढ माणसाची कातडीसुद्धां कांहीं क्षणांत भाजतें. मुलांस जवळ येऊं देऊं नये. त्यानंतर सर्व तोट्या उघड्या ठेवून, पाणी सोडण्याची झडप उघडून बंब रिता करावा. खालीं बादली ठेवून पाणी मोजावें. १० लिटरांच्या बंबांतून दोन-तीनच लिटर आलें, तर आंत अजून पाणी आहे असें समजून थांबावें.

मग सांध्याच्या तोंडाशीं असलेली पकडीची कडा दोन्ही बाजूंनीं सारखी आंत दाबून धरावी आणि तशीच दाबलेली ठेवून नळी सरळ बाहेर ओढावी. पकड न दाबतां हिसके दिल्यास दांत नळींत अधिकच रुततात. बाहेर आलेलें टोंक उजेडांत बोटानें फिरवून पाहावें. ओरखडे असतील आणि नळीस पुरेशी लांबी असेल, तर खराब भाग नळी कापण्याच्या धारदार कात्रीनें काटकोनांत कापून टाकावा. करवतीनें कापल्यास कडेला बुरे राहतात व तेच रबराच्या कड्यास चिरतात. नळी लांबीस अपुरी पडत असेल तर ओढून ताणून बसवूं नये, जोडनळी घालावी. नळी मऊ असेल तर तिच्या तोंडांत आधाराची लहान नळकांडी घालावी लागते. कडें चपटें अथवा कठीण झालेलें दिसलें, किंवा सांध्याच्या अंगास केसाएवढी जरी चीर दिसली, तरी सबंध सांधा नवा घेणें हेंच शहाणपणाचें. नवा घेतांना नळीचा बाहेरील व्यास मापून घ्यावा. मोटारघरांत १२ मिलिमीटरची नळी फार चालते, आणि तेथील घरांत १५ मिलिमीटरची. दोहोंत फरक थोडा असला तरी एकाचा सांधा दुसऱ्यास लागत नाहीं.

नळी किती आंत जावयास हवी तें सांध्याच्या पत्रकांत दिलेलें असतें. तेवढ्या अंतरावर नळीवर पेन्सिलीनें खूण करावी. टोंक स्वच्छ पाण्यानें ओलें करून सरळ आंत ढकलावें. प्रथम दांतांपाशीं व मग कड्यापाशीं, असा दोनदां विरोध हातास जाणवतो. त्यापुढें नळी तळास टेंकून खूण सांध्याच्या तोंडाशीं आली कीं ती पुरी बसली. वंगण म्हणून गोडें तेल किंवा यंत्रांचें तेल लावूं नये. खनिज तेलानें कांहीं जातींचें रबर फुगून कुजतें. शेवटीं नळी जोरानें ओढून पाहावी. ती सुटणार असेल तर कोरडी असतांनाच सुटलेली बरी. सांध्यापासून थोड्या अंतरावर नळीस भिंतीच्या आधारानें पकडचाप बसवावा, म्हणजे गाडीच्या हिसक्यांचा भार सांध्यावर न येतां चापावर येईल. जवळ सामान कोंबूं नये हें सांगणें नकोच.

आट्यांच्या सांध्याविषयीं थोडक्यांत सांगतों. चाकीच्या आंत वॉशर असेल तर पाणी वॉशर अडवितो, आटे नव्हेत; म्हणून तेथें वॉशर बदलावा. वॉशर नसलेल्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी ज्या दिशेनें चाकी आंवळावयाची त्याच दिशेनें गुंडाळावी, नाहींतर आंवळतांना ती सुटून गोळा होते. प्लास्टिकची चाकी हातानें घट्ट करून वर अगदीं थोडा पीळ पुरे; बळ लावल्यास गळती थांबण्याऐवजीं चाकीच फुटते. रबरी नळीची पट्टी सैल झाली असेल तर आंवळावी, आणि टोंक कडक झालें असेल तर तेवढें कापून पुन्हां चढवावी.

दुरुस्तीनंतर बंब भरतांना पाणी सोडण्याची झडप मिटावी, ऊन पाण्याच्या तोट्या उघड्या ठेवाव्या आणि पंप चालवावा. प्रथम हवा फुरफुरत येते. पाण्याची धार अखंड वाहूं लागली म्हणजे बंब भरला. मग तोट्या मिटून पुन्हां टिपकागदाची परीक्षा : एकदां थंड, एकदां तापवून, आणि तिसऱ्यांदा पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरच्या प्रवासानंतर. तिसरी परीक्षा पुष्कळजण टाळतात. परंतु गाडी उभी असतां धरणारा सांधा रस्त्याच्या हादऱ्यांत सुटूं शकतो.

प्रवासांत सांधा मिळाला नाहीं तर पंप बंद ठेवावा, बंब रिता करावा आणि चुलीवर पातेल्यांत पाणी तापवून घ्यावें. कांहीं बनावटींत बंब रिकामा असतांही हवा तापविण्याची सोय चालते. तसें पत्रकांत स्पष्ट लिहिलेलें असेल तरच ती वापरावी.

आतां मर्यादेची गोष्ट. वर सांगितलेलें सर्व पाण्याच्या सांध्यांपुरतें आहे. गॅसची नळी, ज्वालेची पेटी आणि धूर बाहेर नेणारें नळकांडें ह्यांना अननुभवी हात लागतां कामा नये. धुराची वाट ढिली झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायु गाडींत शिरतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं, आणि निजलेल्या माणसांस तो जागे न करतांच मारतो. ब्रिटनमध्यें गॅसचें काम करण्यास पात्र असलेल्या लोकांची नोंद १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ ह्या नांवानें ठेवण्यांत येते; असें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. सांधे सर्व कोरडे असून बंबाच्या कवचांतूनच पाणी येत असेल, तर भांडें फुटलें असें समजावें. तेंही काम कारखान्याचें.

एवढ्या तपशिलाचें कारण काय, असें कोणी विचारील. एक लहानसा हिशेब करूं. सुमारें २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर सेकंदास एक थेंब गळला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सवाचार लिटरांहून अधिक पाणी. मोटारघराची जमीन प्लायच्या फळीची असून तिच्याखालीं उष्णता राखणारा थर असतो; तेथें मुरलेलें पाणी महिनोन्‌महिने वाळत नाहीं. फळी कुजते, बुरशी धरते, आणि बंबाखालून गेलेल्या विजेच्या तारांचे जोड गंजतात. म्हणून सांधा धरला तरी काम संपलें असें मानूं नये. भिजलेल्या फळ्या उचलून, दारें-खिडक्या उघडून तो भाग पूर्ण वाळवावा. थेंबें थेंबें तळें साचें ही म्हण आपण संचयाच्या स्तुतीसाठीं वापरतों. परंतु तें तळें बिछान्याखालीं सांचत असेल, तर पहिल्या थेंबालाच अडविलें पाहिजे. त्यास लागतें तें एक कोरडें फडकें, कागदाची पट्टी आणि अर्ध्या तासाचा धीर.